एका खान्यात दोन संख्या

युनिक्सच्या कमांड लाइनवर ‘डीसी’ असे टंकून एंटर दाबले की वरकरणी काहीच घडत नाही. स्वागताचा संदेश नाही, मेनू नाही. ३ लिहा, ४ लिहा, अधिकचे चिन्ह द्या आणि छापण्यासाठी ‘पी’ लिहा. पुढच्या ओळीत ७ उमटतात. बास, एवढेच. डीसी म्हणजे ‘डेस्क कॅल्क्युलेटर’. पूर्णांक शंभर अंकी असो की हजार अंकी, हा प्रोग्राम एकही अंक न गाळता त्यांचा गुणाकार करतो. पण त्याला उणे चारचे वर्गमूळ विचारा. ऋण संख्येचे वर्गमूळ मागितल्याची एका ओळीची तक्रार करून तो मोकळा होतो.

ही तक्रार फार जुनी आहे. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, इ. स. ८५०च्या सुमारास, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. ऋण संख्या मुळात कोणाचा वर्गच नसते, तेव्हा तिला वर्गमूळही नाही, असा निर्वाळा त्यांनी त्यात दिला आहे. पुढे १५४५ मध्ये इटलीत कार्दानोने अशी वर्गमुळे नाइलाजाने का होईना, कागदावर मांडली. मग तीनएकशे वर्षांच्या वादावादीनंतर त्यांना गणितात मानाचे स्थान मिळाले. डीसी मात्र आजही महावीराचार्यांच्या बाजूने उभा आहे.

गंमत अशी, की डीसी जिथे जन्मला त्या अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये असल्या संख्यांसाठी एक अख्खे यंत्र आधीच बांधून झाले होते. टेलिफोनच्या तारांमधून जाणाऱ्या प्रत्येक लहरीचा जोर किती आणि ती किती मागेपुढे सरकली आहे, या दोन्ही गोष्टी एकदम धरून ठेवायच्या तर अशी वर्गमुळे सामावून घेणाऱ्या संमिश्र संख्या लागतात. प्रत्यावर्ती विद्युतप्रवाहाची गणिते या मार्गाने सोपी होतात, हे चार्ल्स स्टाइनमेट्झने १८९३ मध्येच दाखवले होते. बेल लॅब्जमधली ही आकडेमोड माणसे टेबलावरच्या यंत्रांवर करत, आणि ती संपता संपत नसे. तिथल्या जॉर्ज स्टिबिट्झ यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तेव्हा वापरत तसल्या सुमारे ४५० रिले जोडून ‘कॉम्प्लेक्स नंबर कॅल्क्युलेटर’ उभा केला. जानेवारी १९४० मध्ये तो कामाला लागला. त्याच वर्षी सप्टेंबरात डार्टमथ कॉलेजात गणितज्ञांची परिषद भरली. यंत्र न्यूयॉर्कमध्येच होते. परिषदेतल्या टेलिप्रिंटरवरून त्याला गणिते पाठवली गेली आणि उत्तरे तारेवरून परत आली.

तीन दशकांनी त्याच संस्थेत रॉबर्ट मॉरिस आणि लोरिंडा चेरी यांनी डीसी लिहिला. युनिक्सच्या १९७१च्या पहिल्याच आवृत्तीत तो होता. त्यात संमिश्र संख्या नाहीत. मग आज त्या घालायच्या ठरवल्या, तर काय काय करावे लागेल? बेरीज-गुणाकार शिकवणे हे यातले सर्वांत हलके काम आहे. खरी मेहनत पुढे आहे. नवी संख्या आत आली की जुन्या प्रत्येक आज्ञेला नव्याने विचारावे लागते: तुझे हिच्याशी काय करायचे?

जोडीचे अंकगणित

आधी हलके काम उरकून घेऊ. उणे एकच्या वर्गमुळाला गणिताच्या पुस्तकात ‘आय’ हे लॅटिन अक्षर देतात. ऑयलरने ती प्रथा पाडली. विद्युत अभियंते त्याऐवजी ‘जे’ वापरतात, कारण त्यांच्याकडे ‘आय’ म्हणजे विद्युतप्रवाह. १८३०च्या दशकात आयर्लंडच्या विल्यम हॅमिल्टनने हे अक्षर बाजूला ठेवून एक सरळ वाट काढली. संमिश्र संख्या म्हणजे क्रमाने घेतलेल्या दोन साध्या संख्यांची जोडी, पहिली वास्तव भाग आणि दुसरी काल्पनिक भाग. उणे चारचे वर्गमूळ म्हणजे (०, २). प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या दृष्टीने ही व्याख्या सोन्यासारखी आहे, कारण जोडी साठवणे कोणत्याही भाषेत जमते.

बेरीज म्हणजे जागच्या जागी बेरीज. (अ, ब) ला (क, ड) ने गुणताना वास्तव भाग ‘अक वजा बड’ आणि काल्पनिक भाग ‘अड अधिक बक’. (३, ४) गुणिले (१, २) हे या नियमाने (−५, १०) होते. पडताळा हवा असेल तर प्रत्येक जोडीच्या दोन्ही भागांच्या वर्गांची बेरीज करा: पहिलीची २५, दुसरीची ५, उत्तराची १२५. पंचवीस पंचे सव्वाशे. दोन वर्गांच्या बेरजेला दोन वर्गांच्या बेरजेने गुणले तर उत्तरही दोन वर्गांची बेरीजच येते. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये दिलेल्या ‘भावना’ नावाच्या नियमाचा हा एक विशेष प्रकार आहे. प्रोग्राम तपासायला ही हाताशी असलेली कसोटी.

भागाकारात (क, ड) च्या वर्गांची बेरीज छेदात येते. १ भागिले (३, ४) चे उत्तर (०.१२, −०.१६). एरवीच्या संगणकी भाषांमध्ये इथे एक खड्डा असतो. त्यांतल्या नेहमीच्या दशांश संख्यांची कमाल मर्यादा १० चा ३०८ वा घात, त्याच्या थोडी पुढे. जोडीतला एक भाग १० चा २०० वा घात असेल तर उत्तर आवाक्यातले असूनही वर्ग करतानाच गणित कोसळते. ते टाळण्याची युक्ती रॉबर्ट स्मिथने १९६२ मध्येच प्रसिद्ध केली होती. डीसीला तिची गरज नाही, कारण त्याच्या संख्या हव्या तितक्या लांब होतात. उलट त्याचा खड्डा वेगळाच आहे: दशांशानंतर किती अंक ठेवायचे हे सांगितले नाही, तर तो एकही ठेवत नाही. तसे न सांगता हाच भागाकार केला तर उत्तर (०, ०) येईल. पण त्याच न्यायाने १ भागिले ३ चे उत्तरही तो ० देतो. जुना स्वभाव आहे. नव्या पाहुण्यासाठी तो बदलायचे कारण नाही.

दोन चळती की एक?

डीसीत संख्या एकावर एक रचल्या जातात. आज्ञा वरच्या संख्या उचलते, काम करते आणि उत्तर पुन्हा वर ठेवते. संख्यांच्या या चळतीमुळे कंस लागत नाहीत: आधी संख्या, मग क्रिया. पोलंडच्या यान वुकासिएविच या तर्कशास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात क्रियेचे चिन्ह आधी लिहिण्याची पद्धत काढली होती; ही तिची उलटी बहीण. प्रश्न असा, की जोडी या चळतीत ठेवायची कशी?

पहिली वाट म्हणजे प्रोग्रामला हातच लावायचा नाही. जोडीचे दोन भाग चळतीत शेजारी शेजारी दोन खान्यांत ठेवायचे आणि गुणाकार डीसीच्याच भाषेत लिहायचा. चार संख्या चार रजिस्टरांत, म्हणजे चळतीबाहेरच्या नावाच्या कप्प्यांत, उतरवायच्या, दोन गुणाकार करून वजाबाकी, आणखी दोन गुणाकार करून बेरीज. हे सारे मिळून तीस अक्षरांत बसते. इथे एक मौज आहे. चेरी यांनी १९७५ मध्ये डीसीवर ‘बीसी’ नावाचा मोठा भाऊ चढवला. त्यात गणित शाळेतल्यासारखे लिहिता येते, कंस आणि फंक्शनांसह. तो वापरायला कितीतरी सुखाचा. पण बीसीचे फंक्शन एकच संख्या परत करू शकते आणि संमिश्र गुणाकाराची उत्तरे दोन असतात. त्यामुळे या एका कामात ओबडधोबड डीसी सरस ठरतो. चळतीवर दोन उत्तरे ठेवायला त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

पण या वाटेवर एक धोका आहे. कोणते दोन खाने एकमेकांचे, हे चळतीला ठाऊक नसते. वरच्या संख्येची नक्कल करणारी आज्ञा दिली की अर्ध्याच जोडीची नक्कल होते. एक खाना इकडचा तिकडे झाला की पुढची सगळी वास्तव-काल्पनिक वाटणी बिघडते आणि चुकीचे उत्तर बिनतक्रार छापले जाते.

दुसरी वाट ह्यूलेट-पॅकार्डच्या ‘१५सी’ या १९८२च्या खिशातल्या कॅल्क्युलेटरने घेतली. संमिश्र संख्या लागली की तो काल्पनिक भागांसाठी पाच रजिस्टरांची जागा अडवून एक समांतर चळत उभी करतो. पडद्यावर वास्तव भाग दिसतो; दुसरा पाहायला वेगळी कळ. तिसरी वाट त्याच कंपनीच्या १९८८च्या ‘४२एस’ची: चळत एकच, पण तिच्या एका खान्यात अख्खी जोडी मावते.

डीसीला ही तिसरी वाट शोभते, आणि तिचे कारण त्याच्या पोटातच आहे. त्याच्या खान्यात आजही दोन प्रकारच्या वस्तू राहतात: संख्या आणि चौकटी कंसात लिहिलेला मजकूर. खान्यात काय आहे हे गणित करणारी प्रत्येक आज्ञा आधीच तपासते. तिथे तिसरा प्रकार बसवला की नक्कल, अदलाबदल आणि रजिस्टरात ठेवणे या आज्ञांना कळतही नाही की काही बदलले. त्या खान्याशी बोलतात, आतल्या मालाशी नाही.

अक्षरांची टंचाई

आता जोडी लिहायची कशी? डीसीची प्रत्येक आज्ञा म्हणजे एक अक्षर किंवा चिन्ह. गणितातले ‘आय’ उचलावे म्हटले तर ते अक्षर कधीच गेले आहे: पुढच्या संख्या कोणत्या पायात वाचायच्या, दहाच्या की सोळाच्या, हे ते ठरवते. त्याचा अर्थ बदलला तर पन्नास वर्षांतले जुने प्रोग्राम मोडतील. बीसीतही ‘आय’ हे साधे चल आहे, आणि लोक पिढ्यान्‌पिढ्या आवर्तने मोजायला तेच वापरत आले आहेत.

अभियंत्यांचे ‘जे’ मात्र जुन्या डीसीत बेकार बसले आहे. तेव्हा तेच घेऊ आणि ४२एसची एक युक्तीही उसनी घेऊ. त्याच्यावरची एकच कळ दोन साध्या संख्यांची जोडी बांधते आणि समोर जोडी असेल तर ती सोडवते. आपले ‘जे’ तसेच: ३, ४, जे म्हटले की चळतीच्या एका खान्यात (३, ४), पुन्हा जे म्हटले की दोन खान्यांत ३ आणि ४. बाकी काहीही नवे लागत नाही. जोडीचे मापन हवे? सोडवा, दोघांचे वर्ग करा, मिळवा, वर्गमूळ काढा. काल्पनिक भागाचे चिन्ह फिरवायचे? सोडवा, वरच्याला उणे एकने गुणा, पुन्हा बांधा. प्रत्येक सोयीसाठी वेगळे अक्षर दिले असते तर वर्णमाला संपली असती.

छापताना काय दिसावे, हा छोटा प्रश्न नाही. युनिक्समध्ये एका प्रोग्रामने छापलेले दुसरा वाचतो, तेव्हा छापलेली संख्या परत वाचता आली पाहिजे असे वाटते. डीसी मात्र आधीपासूनच हा नियम पाळत नाही. तो उणे पाच छापतो ते वजाच्या चिन्हाने, पण वाचताना तेच चिन्ह ‘वजाबाकी करा’ असे समजतो; ऋण संख्या आत द्यायची तर अंडरस्कोर लावावा लागतो. जोडी छापताना दोन्ही भाग आणि शेवटी ‘जे’ छापावे. ऋण चिन्हाचा जुना घोळ राहील, निदान नवा वाढणार नाही.

नकार देण्याच्या जागा

काही आज्ञांनी जोडीला नाही म्हणायला शिकले पाहिजे. डीसीतली आवर्तने आणि निर्णय ‘मोठे आहे का’ आणि ‘लहान आहे का’ या तुलनांवर चालतात. संमिश्र संख्यांमध्ये लहान-मोठे नसते, आणि हे दोन ओळींत सिद्ध होते. (०, १) शून्यापेक्षा मोठी मानली तर तिचा वर्गही धन हवा. पण तो −१ आहे. लहान मानली तर तिची ऋण संख्या धन होईल, आणि तिचाही वर्ग −१ च. म्हणून समान आहे का एवढेच विचारू द्यावे. लहान-मोठे विचारले की तक्रार करावी. पायथन भाषा हेच करते. मापनावरून तुलना करून वेळ मारून नेण्याचा मोह होतो, पण मग (३, ४) आणि (५, ०) यांच्यात कोणीच मोठे नाही आणि त्या सारख्याही नाहीत. बाकी काढण्याच्या आज्ञेलाही नकारच बरा. जोडीच्या दोन्ही भागांत पूर्णांक असतील तर बाकीला नीट अर्थ देता येतो, पण हा विषय वेगळ्या प्रोग्रामाचा आहे.

घातांकात डीसीला पूर्णांकच चालतो, आणि तो नियम तसाच ठेवावा. वारंवार वर्ग करत (१, १) चा आठवा घात (१६, ०) इतक्या सहज येतो की नवे काही लिहावेच लागत नाही. अपूर्णांक किंवा जोडीच घातांकात ठेवली की लॉगरिदम आणि कोन लागतात. तिथली उत्तरे मजेदार आहेत: (०, १) ला (०, १) या घातावर नेले की ०.२०७८७९५… अशी शुद्ध वास्तव संख्या मिळते. पण हे अनंत उत्तरांपैकी एक आहे. पूर्ण वळसा घेतला तरी दिशा तीच राहते, म्हणून कोन कोणत्या टप्प्यातला घ्यायचा हे आधी ठरवावे लागते. शिवाय बीसीकडे एकाच संख्येचा कोन काढणारे फंक्शन आहे. (१, १) आणि (−१, −१) यांचे गुणोत्तर एकच, त्यामुळे दोन्ही चिन्हे वेगळी पाहावी लागतात. ही सगळी करारमदाराची कामे बीसीच्या ग्रंथालयात राहू द्यावीत.

वर्गमुळाला मात्र टाळता येत नाही, आणि ते कोनांशिवाय निघते. आधी मापन काढा. मापनात वास्तव भाग मिळवून निम्मे करा, त्याचे वर्गमूळ हा उत्तराचा वास्तव भाग. मापनातून वास्तव भाग वजा करून तेच करा, तो काल्पनिक भाग. चिन्ह मूळ काल्पनिक भागाचे. (३, ४) चे मापन ५, म्हणून वर्गमूळ (२, १). उत्तरे दोन असतात. वास्तव भाग ऋण नसलेले एक निवडण्याचा संकेत आहे. या संकेताची किंमतही मोजावी लागते. उणे चार आणि उणे नऊ यांच्या वर्गमुळांचा गुणाकार −६ येतो, पण त्यांच्या गुणाकाराचे, म्हणजे ३६ चे, वर्गमूळ ६.

आता कळीचा प्रश्न. साध्या −४ चे वर्गमूळ मागितले तर तक्रार करायची की (०, २) द्यायचे? पायथनमध्ये दोन्ही सोयी आहेत: साध्या गणिताचे ग्रंथालय तक्रार करते, संमिश्र गणिताचे जोडी देते. ४२एसमध्ये वापरणाऱ्याने मोड निवडायचा. डीसीने जुनी तक्रार तशीच ठेवावी. जमिनीची मोजणी करताना वर्गमुळाखाली ऋण संख्या आली तर आकडे चुकले असा त्याचा अर्थ. तिथे जोडी हाती ठेवणे म्हणजे चूक झाकणे. ज्याला जोडी हवी त्याने ‘जे’ लिहून (−४, ०) बांधावी आणि मग वर्गमूळ मागावे.

पण हा निर्णय घेतला की दुसरा आपोआप ठरतो. काल्पनिक भाग शून्य झाला की जोडीची साधी संख्या करून टाकावी, असे वाटणे साहजिक आहे. तसे केले तर बांधलेली (−४, ०) तत्क्षणी −४ होईल आणि वर्गमूळ पुन्हा नाकारले जाईल. तेव्हा जोडी ती जोडीच, वापरणाऱ्याने सोडवेपर्यंत.

बाँबेलीची परीक्षा

हे सारे चालते का, हे पाहायला १५७२चे एक गणित घेऊ. राफाएल बाँबेलीने आपल्या बीजगणिताच्या ग्रंथात ते सोडवले आहे: एका संख्येचा घन हा तिच्या पंधरापटीत ४ मिळवल्याइतका आहे. उत्तर ४, हे डोळ्यांनीही दिसते: ६४ म्हणजे ६० अधिक ४. पण कार्दानोचे सूत्र वापरले की (२, ११) आणि (२, −११) यांच्या घनमुळांची बेरीज समोर येते. वास्तव उत्तराकडे जाणारी वाट काल्पनिक मुलखातून. बाँबेलीने ती घनमुळे (२, १) आणि (२, −१) आहेत हे ओळखले. बेरजेत काल्पनिक भाग एकमेकांना खाऊन टाकतात आणि ४ उरतात.

आपल्या डीसीत घनमुळाची आज्ञा नाही. न्यूटनच्या रीतीला मात्र बेरीज, गुणाकार, भागाकार पुरतात: हातात असलेल्या अंदाजाची दुप्पट करा, मूळ संख्येला अंदाजाच्या वर्गाने भागून ती त्यात मिळवा, तिनाने भागा, हा नवा अंदाज. (१, १) पासून निघाले की (२.५, ०.३३), मग (१.९२, ०.७५), मग (१.९८, १.०३), आणि पुढे झपाट्याने (२, १) कडे. थांबायचे कधी, हा प्रश्न उरतो, कारण जोड्यांची तुलना आपण नाकारली आहे. सलग दोन अंदाजांची वजाबाकी करा, ‘जे’ने सोडवा, वर्ग मिळवा, जे मिळते ती साधी संख्या आहे आणि तिची तुलना डीसी आनंदाने करतो. तुलनेला दिलेला नकार इथे कामी आला: ‘जवळ’ म्हणजे नेमके काय, हे आपल्याला स्वतः सांगावे लागले.

दुसरे घनमूळ (१, −१) पासून काढायचे. डीसी दशांश अंक तोडतो तो शून्याच्या दिशेने; धन असो वा ऋण, काटछाट सारखीच. म्हणून दोन्ही गणिते प्रत्येक पायरीला एकमेकांची आरशातली प्रतिबिंबे राहतात आणि बेरीज करताना काल्पनिक भाग तंतोतंत शून्य होतो. वास्तव भाग ४ किंवा त्याला अगदी चिकटलेली संख्या. उत्तर अजूनही जोडीच आहे. ‘जे’ लिहा, ती सुटते. वरचे शून्य नको आहे, आणि जुन्या डीसीत वरची संख्या टाकून देण्याची आज्ञाच नाही. ती एखाद्या रिकाम्या रजिस्टरात ढकलून देतात. मग ‘पी’.

या साऱ्याला एक अक्षर नवे लागले, आणि प्रत्येक जुन्या आज्ञेसाठी एक निर्णय. चाळीस ओळींचा गुणाकार-भागाकार कोणीही लिहील. असा प्रोग्राम टिकतो की नाही, हे त्या निर्णयांची एकमेकांशी संगती लागते का यावर ठरते.